घरी आजारी असलेल्यांसाठी आशीर्वादित वस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजाऱ्यांना घरी जाऊन भेटणाऱ्या आमच्या कॅथलिक गटाला लोक सतत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढेपुढे अडचणीचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. घाई असेल तर आधी ९ आणि २० वाचा.

१. घरात माणूस अंथरुणाला खिळला आहे. कोणत्या आशीर्वादित वस्तू असायलाच हव्यात?

असायलाच हवी अशी एकही नाही. चर्चने अशी यादी कुठे घालून दिलेली नाही. तरी विचारलंच तर क्रूस, पवित्र पाण्याची छोटी बाटली आणि रोझरीची माळ, एवढं पुरे.

क्रूस कुठे लावता ते मात्र नीट बघा. बहुतेक घरांत तो उशाच्या वर, डोक्यामागे टांगलेला असतो. भेटायला येणाऱ्यांना दिसतो, ज्याच्यासाठी लावला त्याला दिसत नाही. पायांकडच्या भिंतीवर, मान न उचलता नजर जाईल इतक्या उंचीवर लावा. एकदा स्वतः त्या पलंगावर आडवं होऊन पाहा, लगेच कळेल. माळेचंही तसंच. हाताला सलाईन लावलेलं असेल तर पाच दशकांची (दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची) लांब माळ नळीत अडकते, आणि मग ती सोडवताना सुईच्या जागी कळ येते. अशा वेळी दहा मण्यांची आखूड माळ किंवा बोटात घालायची रोझरीची अंगठी बरी. बोटं सुजत असतील तर अंगठी नकोच.

२. आशीर्वादित वस्तू आणि संस्कार यांत फरक काय?

संस्कार सात, आणि ते ख्रिस्ताने दिलेले. रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार (पुढे तैलाभ्यंगही म्हटलं आहे), हा त्यांपैकी एक. पवित्र पाणी, मेडल (धार्मिक चित्र असलेलं छोटं पदक), स्कॅप्युलर (दोरीने जोडलेले कापडाचे दोन छोटे तुकडे, गळ्यात घालायचे), आशीर्वादित मेणबत्ती या त्या सातांत येत नाहीत. त्या चर्चच्या प्रार्थनेशी जोडलेल्या खुणा आहेत. माणसाचं मन कृपा स्वीकारायला तयार व्हावं आणि रोजचं जगणं, त्यात आजारपणही आलं, देवाच्या हाती सोपवता यावं, यासाठी त्या असतात. वस्तूत स्वतःची अशी काही ताकद साठवलेली नसते.

हा फरक घरात उपयोगी पडतो तो एका ठिकाणी. कितीही वस्तू असल्या तरी त्या संस्काराची जागा घेत नाहीत. उशाशी चार मेडलं, दोन प्रकारचं पाणी आणि संतांची रांग, पण फादरांना फोन करायचं राहून गेलेलं, असं चित्र आम्ही फार वेळा पाहतो.

३. वस्तू आशीर्वादित करून कोण देतं? विकत घेण्याआधी की घेतल्यावर?

याजक (फादर) किंवा डीकन (याजकाच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक). मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) फादरांसमोर धरली तरी चालते, वेगळा समारंभ लागत नाही. आधी विकत घ्या, मग आशीर्वाद घ्या. 'आशीर्वादित' म्हणून जादा पैसे घेऊन वस्तू विकणं चर्चला मान्य नाही. शिवाय वस्तूला जोडलेली दंडमाफी (पापांची क्षमा झाल्यावरही उरणाऱ्या शिक्षेची माफी) वस्तू विकली की संपते, किंवा ती नष्ट झाली की. भेट दिल्याने काही बिघडत नाही. आजीची माळ नातीकडे गेली तर ती पुन्हा आशीर्वादित करून घ्यायची गरज नाही.

४. फादर कम्युनियन (ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर) घेऊन घरी येणार आहेत. टेबल कसं मांडायचं?

पलंगाजवळ, आजाऱ्याला दिसेल असं एक छोटं टेबल रिकामं करा. त्यावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या (आधी प्रश्न ५ वाचा), पवित्र पाणी, प्यायच्या पाण्याचा पेला आणि चमचा. तैलाभ्यंगही होणार असेल तर थोडा कापूस. औषधांचा डबा तासाभरासाठी दुसरीकडे हलवा.

काही जुन्या कॅथलिक घरांत यासाठी खास बनवलेला जाडसर लाकडी क्रूस सापडतो. लोक तो वर्षानुवर्षं भिंतीवर ठेवतात आणि आत काय आहे ते त्यांना ठाऊक नसतं. येशूची मूर्ती असलेला वरचा भाग सरकवला की आत खोबण दिसते. तिच्यात दोन बारीक मेणबत्त्या, पवित्र पाण्याची कुपी, कधी घडी केलेलं कापड. खालच्या लाकडात मधे एक खाच आणि दोन्ही बाजूंना एकेक भोक. खाचेत क्रूस उभा करायचा, भोकांत मेणबत्त्या. तुमच्याकडे असा क्रूस असेल तर काढा, पुसा आणि वापरा. जुन्या मेणबत्त्या वाकलेल्या असतील तर बदला. कुपीतलं पाणी कधीचं आहे हे सांगता येत नसेल तर ते झाडाखाली ओता आणि नवीन भरा.

मांडणीपेक्षा फोनवर चार गोष्टी आधी सांगणं जास्त महत्त्वाचं. माणूस शुद्धीवर असतो का, कोणत्या वेळी जरा तरतरीत असतो, गिळता येतं का, त्याला पापनिवेदन करायचं आहे का. पापनिवेदन असेल तर त्या वेळी घरातल्या सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं आणि दार लोटून घ्यायचं. आजारी माणूस स्वतः होऊन हे कधी सांगत नाही. मुलंबाळं भोवती उभी असताना कोण बोलणार?

फादरांऐवजी कम्युनियन देणारे सेवक येणार असतील तरी मांडणी हीच. १९७३ पासून चर्चने प्रापंचिकांना (दीक्षा न घेतलेल्या सामान्य श्रद्धावंतांना) ही सेवा दिली आहे. मात्र ते पापक्षमा देऊ शकत नाहीत आणि तैलाभ्यंगही करू शकत नाहीत.

५. ऑक्सिजन चालू आहे. आशीर्वादित मेणबत्ती लावली तर चालेल ना?

नाही. सिलिंडर असो की कॉन्सन्ट्रेटर, ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ज्योत पेटवायची नाही. प्रार्थनेपुरतीही नाही, लांब कोपऱ्यातही नाही. मशीन नुकतंच बंद केलं असलं तरी चादरीत आणि कपड्यांत ऑक्सिजन काही वेळ राहतो. बॅटरीवरची मेणबत्ती ठेवा किंवा काहीच ठेवू नका. मेणबत्ती नव्हती म्हणून संस्कार अपुरा राहत नाही.

दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या पेशंटजवळ धूपही टाळा. ऑक्सिजन लावलेल्या चेहऱ्यावर तेलकट मलम लावू नये हा दवाखान्यातला नियम आहे, त्यामुळे अभ्यंगाआधी फादरांना ऑक्सिजनचं सांगून ठेवा. ते तेलाचा अगदी पुसट स्पर्श करतील, किंवा फक्त हातांना वा अंगाच्या दुसऱ्या भागाला लावतील.

६. आजाऱ्याने कम्युनियनआधी तासभर उपाशी राहायचं का? गिळता येत नसेल तर?

आजारी आणि वयस्कर माणसांना उपवासाचं बंधन नाही. त्यांची देखभाल करणाऱ्यांनाही नाही. चर्च कायद्याच्या कलम ९१९ मध्ये हे स्पष्ट आहे. तेव्हा मधुमेह असलेल्या माणसाला फादरांची वाट पाहत उपाशी बसवू नका.

गिळायला त्रास असेल तर होस्तीचा (पवित्र भाकरीच्या चकतीचा) अगदी छोटा कण आणि त्यावर चमचाभर पाणी पुरतं. तेही शक्य नसेल तर फक्त द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देता येतं, पण त्याची तयारी फादरांना मिस्सातच करावी लागते, म्हणून आधी सांगा. अन्नच चालत नसेल, फक्त नळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालू नका.

जोडून येणारा प्रश्न : 'उद्यासाठी एक होस्ती घरी ठेवू का?' नाही. ज्या दिवशी द्यायची त्याच दिवशी आणायची.

७. मी फादर नाही, साधी मुलगी आहे. आईला मी पवित्र पाण्याने आशीर्वाद देऊ शकते का?

अवश्य. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला आशीर्वाद होण्याचं आणि आशीर्वाद देण्याचं बोलावणं आहे असं चर्चची धर्मशिकवण सांगते. १९८४ च्या आशीर्वादविधीच्या ग्रंथात आजाऱ्यांच्या आशीर्वादाचा विधी आहे आणि तो प्रापंचिकांनाही करता येतो. फरक एवढाच की याजकासारखा हात उंचावून हवेत क्रूस काढायचा नाही. बोट पवित्र पाण्यात बुडवून आईच्या कपाळावर क्रूसाची खूण करायची आणि आपल्या शब्दांत प्रार्थना म्हणायची. 'प्रभू, माझ्या आईजवळ राहा, तिची वेदना हलकी कर, तिला आज शांत झोप दे' एवढं म्हटलंत तरी पूर्ण झालं. हवं तर पुढे 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि एक 'नमो मरिया'.

पाणी थेंबभर लागतं. उघड्या जखमेवर, गळ्याच्या नळीजवळ, डोळ्यांत किंवा शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर शिंपडू नका. केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली असेल तर महिनोन्महिने बाटलीत राहिलेलं पाणी पाजूही नका. आशीर्वादाने पाणी पवित्र होतं, निर्जंतुक होत नाही.

८. घरी आशीर्वादित तेलाची बाटली आहे. ते मी आजाऱ्याच्या कपाळाला लावू का?

इथे दोन वेगवेगळी तेलं आहेत आणि सगळा गोंधळ त्यातूनच होतो.

पहिलं रुग्णांचं तेल. बिशप ते पुण्य गुरुवारच्या सुमाराला होणाऱ्या तेलांच्या मिस्सात आशीर्वादित करतात आणि तिथून ते प्रत्येक धर्मग्रामात (स्थानिक चर्चकडे) जातं. ऑलिव्हचं किंवा दुसऱ्या एखाद्या वनस्पतीचं तेल असतं. संस्कारासाठी हेच वापरतात आणि फक्त याजक वापरतात. डीकनही नाही, कम्युनियन सेवकही नाही, मठातल्या सिस्टरही नाहीत. याजकाजवळ ते नसेल आणि गरज तातडीची असेल, तर तो संस्कार देतानाच साध्या वनस्पती तेलाला आशीर्वाद देऊ शकतो. हे तेल कोणी 'ओळखीतून' आणून दिलं असेल तर ते धर्मग्रामात परत करा.

दुसरं भक्तीचं तेल. एखाद्या तीर्थस्थानी संतांच्या मूर्तीपुढे जळणाऱ्या दिव्यातलं, किंवा फादरांनी वेगळं आशीर्वादित करून दिलेलं. माँट्रियलचे संत आंद्रे बेसेट (१८४५-१९३७) आजाऱ्यांना संत जोसेफच्या दिव्यातलं तेल चोळायला सांगत आणि जोसेफकडे प्रार्थना करायला लावत. त्या तेलाची भक्ती आजही चालू आहे. आजारी माणूस असं तेल स्वतः प्रार्थना म्हणत दुखऱ्या गुडघ्याला लावत असेल तर ती त्याची खासगी भक्ती.

अडचण होते ती त्याचा विधी केल्यावर. घरातलं कोणीतरी पुस्तक हातात घेऊन कपाळावर आणि तळहातांवर तेलाचे क्रूस काढतं, सगळे 'आमेन' म्हणतात आणि आजाऱ्याला वाटतं, झाला आपला तैलाभ्यंग. मग फादरांना कोणी बोलावत नाही. संत याकोबाच्या पत्रात (५:१४-१५) मंडळीच्या वडिलांना बोलवायला सांगितलं आहे आणि तिथेच पापांच्या क्षमेचं वचन आहे. ती क्षमा घरच्या तेलातून मिळत नाही. १९९७ मध्ये रोमने काढलेल्या सूचनेत आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या प्रापंचिकांना रुग्णतेलानेच नव्हे, इतर कोणत्याही तेलाने अभ्यंग करायला मनाई केली आहे, ती याचसाठी. आमचा सल्ला असा : दुसऱ्याला आशीर्वाद द्यायचा तर पाणी वापरा (प्रश्न ७), तेल नको. आणि भक्तीच्या तेलात सुगंध मिसळलेला असेल तर नाजूक झालेल्या त्वचेला त्याने पुरळ येऊ शकतं, हेही लक्षात ठेवा.

९. तैलाभ्यंगासाठी फादरांना कधी बोलवायचं? लगेच बोलावलं तर बाबा घाबरतील.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा उशिरा येतो.

'फादर तेल घेऊन आले म्हणजे आता संपलं' ही भीती जुनी आहे आणि ती आली कुठून हेही कळतं. कित्येक शतकं हा संस्कार शेवटचा म्हणूनच दिला जायचा आणि त्याचं नावही तसंच होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये सांगितलं की त्याला रुग्णाभ्यंग म्हणणं अधिक योग्य, आणि तो केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये विधी बदलला. पूर्वी पंचेंद्रियांना अभ्यंग होई, आता कपाळाला आणि हातांना होतो.

आजचा नियम : आजाराने किंवा म्हातारपणामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागला की वेळ झाली. 'होऊ लागला' यावर जोर आहे. गंभीर आजारामुळे मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर दवाखान्यात भरती होण्याआधी बोलवा, आयसीयूत पोचल्यावर नव्हे. खूप थकलेल्या वृद्धांना वेगळा आजार नसतानाही देता येतो. साधा सर्दीताप, दाढ काढणं यांसाठी नाही. शंका असेल तर द्यावा, असं चर्चचा कायदाच (कलम १००५) म्हणतो, म्हणजे शंकेचा निर्णय तुम्ही घरी बसून करायचा नाही, फादरांवर सोडायचा.

एकदा घेतला की संपला असंही नाही. माणूस बरा होऊन पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी खालावली, तर पुन्हा घेता येतो.

बाबा घाबरतील याबद्दल : त्यांना न सांगता फादरांना दारात उभं केलंत तर घाबरतीलच. दोन दिवस आधी सांगा की फादर भेटायला येताहेत, प्रार्थना करतील, कम्युनियन देतील आणि तुमची इच्छा असेल तर तैलाभ्यंगही. बऱ्याच वेळा आजाऱ्याला ते हवं असतं आणि घाबरलेली असतात ती मुलं.

१०. माणूस बेशुद्ध आहे, किंवा डिमेन्शियामुळे काही कळत नाही. तरी तैलाभ्यंग होतो का?

होतो. शुद्धीत असताना त्याने निदान अप्रत्यक्षपणे तरी तो मागितला असता असं असेल तर पुरे. आयुष्यभर मिस्साला जाणाऱ्या माणसाबद्दल वेगळा पुरावा लागत नाही. लहान मुलांचं म्हणाल तर बरंवाईट कळू लागलेल्या मुलाला देतात, तान्ह्या बाळाला नाही. बाळाचा बाप्तिस्मा व्हायचा असेल तर आधी त्यासाठी धावपळ करा.

११. फादर पोचेपर्यंत प्राण गेला. आता तैलाभ्यंग करता येईल का?

मृत्यू निश्चित झाला असेल तर नाही. संस्कार जिवंतांसाठी आहेत. खरंच प्राण गेला का याबद्दल शंका असेल तर फादर देतात. एरवी ते मृतासाठी प्रार्थना करतील, देहावर पवित्र पाणी शिंपडतील. ते तुम्हीही करू शकता. संस्कार चुकला म्हणून माणूस देवाला अंतरला असं चर्च शिकवत नाही.

१२. फ्रान्समधल्या लूर्ड तीर्थस्थानाचं पाणी आहे. ते पवित्र पाणीच ना? रोज पाजायचं का?

ते झऱ्याचं पाणी आहे. याजकाने आशीर्वाद दिलेला नसेल तर ज्या अर्थाने चर्चच्या दारातल्या पात्रातलं पाणी पवित्र पाणी असतं, त्या अर्थाने ते पवित्र पाणी नाही. फादरांकडून आशीर्वादित करून घेता येतं.

लूर्डला १८५८ मध्ये ११ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळात बर्नादेत नावाच्या मुलीला पवित्र मरियेचं अठरा वेळा दर्शन झालं. २५ फेब्रुवारीला तिने हातांनी माती उकरली आणि तिथे झरा लागला. तेव्हापासून तिथे बरं झाल्याचे हजारो दावे आले. डॉक्टरांच्या समितीची तपासणी आणि बिशपांचा निर्णय यांतून पार पडून चमत्कार म्हणून मान्यता मिळाली ती सत्तरच्या थोड्या वर घटनांना. चर्च या बाबतीत किती हात आखडता घेतं ते यावरून दिसतं. स्वतः बर्नादेतला लहानपणापासून दमा होता. ती पुढे सिस्टर झाली आणि १८७९ मध्ये ३५ व्या वर्षी वारली, दीर्घ आजाराने. तिच्या झऱ्याचं पाणी घरी असूनही आपलं माणूस बरं होत नाही म्हणून ज्यांना आपल्या श्रद्धेतच खोट वाटते, त्यांनी तिचं चरित्र वाचावं.

पाजायचं का? चांगल्या अवस्थेत असेल तर घोटभर पिण्यात गैर नाही, पण प्रश्न ७ मधली पथ्यं इथेही लागू. वर्षापूर्वी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलेलं असेल तर कपाळाला लावा, पाजू नका. ११ फेब्रुवारी हाच दिवस १९९३ पासून जागतिक रुग्णदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी अनेक चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी खास मिस्सा असतो, चौकशी करून ठेवा.

१३. तपकिरी आणि हिरवं स्कॅप्युलर यांत फरक काय? आजाऱ्याला कोणतं?

तपकिरी स्कॅप्युलर कार्मेल मठसंघाच्या परंपरेचं. ते पहिल्यांदा गळ्यात घालताना याजकाकडून विधीपूर्वक घ्यावं लागतं आणि ते कापडीच असावं लागतं. ते जीर्ण झाल्यावर नवं घालताना पुन्हा विधी नको. कापड अंगाला टोचत असेल, घामाने भिजत असेल तर त्याऐवजी स्कॅप्युलर मेडल चालतं, ही सवलत पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये दिली. त्या मेडलला मात्र आशीर्वाद हवा.

हिरव्या स्कॅप्युलरला विधी लागत नाही, याजकाचा आशीर्वाद पुरतो. ते गळ्यात घालायलाच हवं असंही नाही, खोलीत ठेवलं तरी चालतं. ही भक्ती १८४० च्या पॅरिसमधली, मुख्यतः मनपरिवर्तनासाठी प्रार्थना करणाऱ्यांची.

आजाऱ्याला कोणतं, तर ज्याच्याशी त्याची आधीपासून ओळख आहे ते. आजारपणात नवी भक्ती गळ्यात बांधायची घाई करू नये.

१४. चमत्कारी मेडल गळ्यात आहे. एमआरआयला काढायला सांगतात. काढू का?

काढा. एमआरआयच्या खोलीत धातूची वस्तू न्यायचीच नसते आणि शस्त्रक्रियेच्या वेळीही अंगावरचं सगळं उतरवतात. काढल्याने आशीर्वाद जात नाही. बाहेर थांबणाऱ्याने ते हातात धरून प्रार्थना करावी. परत आल्यावर गळ्यात घालण्यापेक्षा पलंगाच्या कडेला बांधलेलं बरं. डिमेन्शियाच्या पेशंटजवळ सुटं मेडल ठेवू नका, ते तोंडात घालतात.

हे मेडल १८३० मध्ये पॅरिसला संत कॅथरिन लाबुरे यांना झालेल्या दर्शनातून आलं. १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत ते आजाऱ्यांमध्ये वाटलं गेलं आणि तिथून जगभर पसरलं. संत बेनेडिक्टच्या मेडलचीही आजाऱ्यांसाठी आठवण ठेवा. त्याच्या कडेला 'आमच्या मरणसमयी त्यांच्या सान्निध्याने आम्हाला बळ मिळो' अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरलेले असतात. लोक ते भूतबाधेसाठी म्हणून मागतात आणि हे शब्द वाचतच नाहीत.

१५. कोणत्या आजाराला कोणत्या संताचं चित्र ठेवायचं?

कॅन्सरसाठी संत पेरेग्रीन, घशासाठी संत ब्लेझ (३ फेब्रुवारी), मनाच्या आजारांसाठी संत डिम्फना, चांगल्या मरणासाठी संत जोसेफ. सगळ्याच आजाऱ्यांचे आश्रयदाते म्हणून संत कॅमिलस आणि संत जॉन ऑफ गॉड यांना पोप तेरावे लिओ यांनी १८८६ मध्ये घोषित केलं. ही दवाखान्यातल्या विभागांसारखी वाटणी नाही, कोणत्याही संताला हाक मारा. एक चित्र ठेवा, आल्बम नको.

१६. माझे पती ख्रिस्ती नाहीत. त्यांना आशीर्वाद, पवित्र पाणी, मेडल चालेल?

चालेल. आशीर्वाद कॅथलिक नसलेल्यांनाही देता येतो (कलम ११७०). अट एकच, त्यांना तो हवा असला पाहिजे. बाप्तिस्मा न झालेल्याला तैलाभ्यंग मात्र देता येत नाही.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्यक्तीने स्वतः मागितला आणि मनाची तयारी असली तर कॅथलिक याजक तैलाभ्यंग देऊ शकतो. इतर ख्रिस्ती पंथीयांच्या बाबतीत अटी अधिक कडक : जिवाला धोका, स्वतःच्या पाळकापर्यंत पोचणं अशक्य, मागणी त्यांची स्वतःची, आणि या संस्काराबद्दल कॅथलिकांसारखीच श्रद्धा. फादरांशी बोला, घरच्या घरी ठरवू नका.

आणि मरणाच्या दारातल्या माणसाने समजून-उमजून बाप्तिस्मा मागितला व फादर पोचू शकत नसतील, तर कोणीही देऊ शकतं. साधं पाणी डोक्यावर ओतत 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हणायचं. त्याने मागितलेला नसताना गुपचूप करायचा नाही.

१७. भावाने श्रद्धा सोडली आहे. त्याला न सांगता गादीखाली हिरवं स्कॅप्युलर ठेवलं तर?

अनेकजण ठेवतात आणि तसा मनाई करणारा नियम नाही. तरी माझं मत नको असंच आहे. चादर बदलताना ते सापडतं, आणि ज्याला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही अशा माणसाला आपल्या पाठीमागे काहीतरी चाललंय असं वाटतं. स्कॅप्युलर तुमच्या खिशात ठेवा आणि त्याच्यासाठी प्रार्थना तुम्ही करा. तो क्रूस काढून ठेवा म्हणाला तर वाद न घालता काढा. पुढे कधी त्याने स्वतः विचारलं की मग बोला.

१८. 'हे पाणी नऊ दिवस घ्या, औषधाची गरज नाही' असं कोणी सांगितलं. खरं मानायचं?

नाही. अमुक वेळा, अमुक प्रती, अमुक दिशेला तोंड करून केलं की हमखास गुण, याला धर्मशिकवण अंधश्रद्धाच म्हणते. औषध डॉक्टरांच्या सांगण्यानेच थांबवायचं. प्रार्थना पुढे पाठवली नाही तर संकट येईल अशा धमक्यांचे संदेश आले तर पुसून टाका.

१९. फादर दूर आहेत. व्हिडिओ कॉलवरून तैलाभ्यंग किंवा पापक्षमा?

दोन्ही नाही, संस्काराला समोरासमोर असावं लागतं. कॉलवर प्रार्थना जरूर करा, मिस्सा स्क्रीनवर पाहा. पोप 'ऊर्बी एत ओर्बी' (शहराला आणि जगाला) आशीर्वाद देतात तेव्हा त्याला जोडलेली दंडमाफी रेडिओ-टीव्हीवरून भक्तिभावाने सहभागी होणाऱ्यांनाही मिळते. वस्तू मात्र फादर भेटतील तेव्हा प्रत्यक्ष आशीर्वादित करून घ्या.

२०. शेवटची घटका आली आहे आणि फादर वेळेत पोचत नाहीत. आम्ही काय करायचं?

फोन चालू ठेवा, शेजारच्या धर्मग्रामातही विचारा. कोणताही याजक चालतो. तोवर क्रूस आजाऱ्याच्या हातात द्या. बोटं मिटत नसतील तर तुमच्या तळहाताने त्याचा हात झाकून धरा. कानाजवळ, हळू, लहान वाक्यांत प्रार्थना म्हणा : येशूचं नाव, 'हे आमच्या स्वर्गातील बापा', पश्चात्तापाची प्रार्थना. उत्तर येत नसलं तरी ऐकू येत असेल असं धरून चाला.

अशा वेळेसाठी चर्चने एक सोय ठेवली आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. याजक हजर असेल तर तो संस्कारांसोबत प्रेषितीय (पोपच्या अधिकाराने दिला जाणारा) आशीर्वाद आणि पूर्ण दंडमाफी देतो, म्हणजे पापांची क्षमा झाल्यावरही उरणारी शिक्षा माफ होते. याजक नसेल तर चर्च स्वतःच ती माफी देतं. मनाची योग्य तयारी असलेल्या आणि आयुष्यात काही ना काही प्रार्थना करत आलेल्या माणसाला ती मिळते. त्या क्षणी क्रूस वापरावा अशी शिफारस आहे. म्हणून पलंगाजवळ एकच वस्तू ठेवायची असेल तर क्रूस ठेवा.

फादर वेळेत पोचले तर पापनिवेदन, तैलाभ्यंग आणि अखेरच्या प्रवासाची शिदोरी म्हणून कम्युनियन, हा क्रम असतो. मरणाऱ्यासाठी खरा शेवटचा संस्कार तैलाभ्यंग नव्हे, हे कम्युनियन.

२१. उरलेलं पाणी, वापरलेला कापूस, तुटलेल्या माळा यांचं काय करायचं?

कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. पाणी झाडाच्या मुळाशी किंवा मातीत ओता, गटारात नाही. अभ्यंगात वापरलेला कापूस फादर सोबत नेतील, नाहीतर जाळून राख मातीत पुरा. फाटलेलं स्कॅप्युलर जाळा, तुटलेली माळ किंवा मूर्ती पुरा. मात्र कापसाला रक्त किंवा पू लागला असेल तर दवाखान्याच्या नियमाने तो टाकावा लागतो. तिथे संकोच नको.

गेलेल्या माणसाची माळ शवपेटीत ठेवावी का, असंही विचारतात. दोन्ही चालतं, ठेवा किंवा घरात कोणाला द्या. संताचा अवशेष असेल तर तो पुरू नका आणि विकूही नका, अवशेष विकायला सक्त मनाई आहे. तो धर्मग्रामात नेऊन द्या, सोबत प्रमाणपत्र असेल तर तेही द्या.